उडती खार आणि सारस: तुलना करावी काय?

आमच्या भोपाळच्या रविवारच्या शाळेत मागच्या पावसाळ्यानंतर एक लहानशी निबंधस्पर्धा ठेवली होती. विषय होता, ‘मी स्वतः पाहिलेला एक प्राणी किंवा पक्षी’. ‘स्वतः पाहिलेला’ हे शब्द मुद्दाम घातले होते. नाहीतर मुले सिंह आणि हत्ती पुस्तकातून उतरवून काढतात. परीक्षक मी एकटाच. चौदा वह्या आल्या. त्यांत मांजरे पाच, कुत्री चार, पोपट दोन आणि शेजाऱ्यांची म्हैस एक. ही म्हैस, खरे सांगतो, फार छान उतरली होती.

उरल्या दोन वह्या. एक सातवीतल्या मुलीची. वडिलांबरोबर सायकलवरून बिसनखेडीच्या बाजूला, मोठ्या तलावाच्या काठी गेली असता पाहिलेल्या सारसांच्या जोडीवर तिने लिहिले होते. अक्षर मोत्यासारखे, शेवटी रंगीत चित्र. दुसरी वही सहावीतल्या एका मुलाची. मुलगा अबोल, वर्गात मागे बसणारा. त्याचे मामा होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, सातपुड्याच्या जंगलालगत राहतात. तिथे एका रात्री पाहिलेल्या उडत्या खारीवर त्याने दीड पान लिहिले होते. अक्षर वाकडे, चित्र नाही. पहिला क्रमांक मी सारसाला दिला आणि त्या मुलाला दुसरा.

निकाल लावल्यावर तो मुलगा माझ्यापाशी आला. तक्रार करायला नव्हे. त्याने विचारले, “सर, तुम्ही उडती खार पाहिलीय?”

“नाही रे.”

“आणि सारस?”

“पाहिलाय की. पुष्कळदा.”

तो “हं” म्हणाला आणि वही घेऊन गेला.

वाचकहो, त्या ‘हं’ने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. मी दोन निबंधांची तुलना केली, की दोन मुलांची, की सारस आणि खार यांची? आणि ती करताना माझ्या हातात गज कोणता होता? आपण शिक्षक, आईबाप, पंच, सगळेच दररोज तुलना करत असतो. ती करावी काय, आणि करायचीच तर कशी, हा प्रश्न मला या दोन जीवांच्या निमित्ताने पडला. म्हणून आधी त्या दोघांविषयीच थोडे सांगतो.

सारस आपल्याकडे बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो, निदान चित्रात. उंची जवळजवळ सहा फूट. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याएवढा उंच दुसरा नाही. अंग राखी, डोके व मानेचा वरचा भाग उघडा आणि लालभडक. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत सुमारे आठ फूट. लांब पायांनी तो उथळ पाण्यात आणि ओल्या शेतात सावकाश चालतो आणि कंद, दाणे, किडे, बेडूक टिपून खातो. नर आणि मादी जोडीने राहतात आणि जोडीने ओरडतात. त्याची श्वासनळी छातीच्या हाडात वेटोळे घालून बसलेली असते, म्हणून तो आवाज तुतारीसारखा घुमतो आणि दूरवर जातो. भोपाळकरांना हे भाग्य घराजवळ लाभले आहे. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीला बांध घालून केलेला मोठा तलाव आणि त्याच्या शेजारचा लहान तलाव मिळून जे पाणथळ होते, ते २००२ साली रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. त्या काठच्या शेतांत सारस आजही दिसतात.

उडती खार मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते. हिंदीत तिला उडन गिलहरी म्हणतात. महाराष्ट्रातल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे येथे कदाचित भीमाशंकरचे शेकरू येईल. पण ते वेगळे. शेकरू दिवसा हिंडते आणि फांदीवरून फांदीवर उडी मारते. उडती खार रात्रीची. दिवसभर ती जुन्या झाडाच्या ढोलीत झोपते आणि काळोख पडल्यावर बाहेर येते. अंग हातभर, शेपूट त्याहूनही लांब. पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत दोन्ही अंगांना केसाळ कातडीचा पडदा असतो. मनगटाजवळ मऊ हाडाचा, म्हणजे कूर्चेचा, एक काटा असतो. तो बाहेर काढला की पडदा आणखी ताणला जातो. झाडाच्या शेंड्याजवळून ती अंग झोकून देते, चारी पाय पसरते आणि समोरच्या झाडाकडे तरंगत जाते. बुंध्याजवळ आली की अंग वर उचलून पडद्याने वारा अडवते आणि चारी पायांनी बुंध्याला चिकटते. एका झेपेत शंभर मीटरही जाऊ शकते. फांद्या, पाने, साल, फळे, फुले हे तिचे खाणे.

पण ती उडत नाही, हे लक्षात घ्या. नाव ‘उडती’ असले तरी ती घसरते, हवेवरून घसरते. जेवढी उंची गमावते त्याच्या दुप्पटतिप्पट अंतर कापते, आणि दर खेपेला खाली येते. पुन्हा पुढे जायचे तर आधी नव्या झाडावर नखांनी चढावे लागते. उलट सारस खरा उडणारा आहे, पण त्याचे बहुतेक आयुष्य पायी चालण्यात जाते, आणि उडायचे झाल्यास त्याला आधी धावत जावे लागते. म्हणजे ज्याला पंख आहेत तो चालतो, आणि जिला पंख नाहीत तिचे नाव उडती! आपण नावे कशी ठेवतो याची ही गंमत आहे.

आता या दोघांची परीक्षा घ्यायची म्हटले तर ती कोणत्या विषयात घ्यावी? उडण्यात घेतली तर खार नापास. झाडावर बसण्यात घेतली तर सारस नापास, कारण त्याचे मागचे बोट आखूड व वर उचललेले असते आणि त्याला फांदी पकडताच येत नाही. खार जमिनीवर उतरली की तोच पडदा तिच्या पायांत येतो आणि ती अवघडते. सारसाचे पिलू अंड्यातून निघाल्यावर एकदोन दिवसांत आईबापांमागे चालू लागते. खारीचे पिलू, बहुधा एकच, आंधळे आणि उघडे जन्मते आणि ढोलीत पडून राहते. मग सारसाचे पिलू हुशार म्हणायचे का? सारसाचे घरटे उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून केलेले, उघड्यावर, कोल्ह्याकुत्र्यांच्या टप्प्यात. तिथे जन्मलेल्याला लवकर चालता आलेच पाहिजे. ढोलीत जन्मलेल्याला ती घाई नाही. प्रत्येक परीक्षेची प्रश्नपत्रिका आधीच कुणाच्या तरी बाजूची असते.

हा गोंधळ माणसाला फार जुना आहे. पवित्र शास्त्रात लेवीयच्या अकराव्या अध्यायात पक्ष्यांची जी यादी आहे, तीत करकोचा आणि बगळे यांच्या पंक्तीला शेवटी वटवाघूळ येऊन बसते. आमच्या शाळेतला एक चौकस मुलगा दरवर्षी यावर बोट ठेवतो. मी त्याला सांगतो की, ही प्राणिशास्त्राची वर्गवारी नव्हे. जे हवेतून जाते ते एका ठिकाणी, अशी ती जुन्या माणसाची रोजच्या व्यवहारातली मांडणी आहे. त्या माणसाने सातपुड्यातली खार पाहिली असती तर तिलाही त्याच पंक्तीला बसवले असते. आज आपण शरीररचना पाहून सांगतो की, वटवाघूळ आणि खार दोघेही सस्तन. सारसाचा पंख, वटवाघळाचा पंख, खारीचा पुढचा पाय आणि माझा लिहिता हात यांत हाडांची ठेवण मुळात एकच. ही तुलनाच आहे, आणि ती फार उपयोगाची आहे. तेव्हा तुलना हेच पाप, असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. तुलनेशिवाय आपल्याला काहीच कळत नाही.

मग बिघडते कुठे? माझ्या मते, तुलना करता करता आपण केव्हा उतरंड लावायला लागलो हे आपले आपल्याला कळत नाही, तिथे.

ईयोबाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात शहामृगाचे वर्णन आहे. तिला पंख आहेत आणि ती उडत नाही. अंडी मातीत टाकून जाते. तिला शहाणपण दिलेले नाही, असेही तिथे स्पष्ट म्हटले आहे. उणीव झाकलेली नाही. पण लगेच पुढे ती धावू लागली की घोडा आणि घोडेस्वार यांना हसते, हेही सांगितले आहे. मला त्या अध्यायात नेहमी हे जाणवते की, तिथे रानगाढव, घोडा, गरुड एकामागून एक येतात. त्यांचे गुण येतात, उणिवा येतात, पण क्रमांक कुणालाच दिला जात नाही.

आम्ही मात्र क्रमांक देतो, आणि कशावर देतो? बहुधा जे दिसते त्यावर. मी सारसाच्या वहीला पहिले का ठरवले याचा मी प्रामाणिकपणे शोध घेतला. अक्षर आणि चित्र हे एक कारण. पण खरे कारण हे की, सारस मी पाहिला होता. मुलीचे प्रत्येक वाक्य वाचताना माझ्या मनात ‘अगदी बरोबर’ असे उमटत होते. मुलाने लिहिले होते की, खार बुंध्याला चिकटल्यावर लगेच झाडाच्या पलीकडच्या बाजूला जाते. ते वाचून मी पुढे गेलो. नंतर पुस्तकात पाहिले, तर मागून येणाऱ्या घुबडाला चुकवायला ती तसे करते, असे जाणकार समजतात. दहा-अकरा वर्षांच्या पोराने काळोखात, क्षणभरात, ते टिपले होते, आणि मी त्याला त्याचे मोल दिले नाही, कारण मला ते ठाऊक नव्हते.

आपल्या साहित्यातही असेच घडले आहे. वाल्मीकीच्या कथेत ज्या क्रौंच पक्ष्याच्या वधाने काव्य जन्मले, तो सारसच असावा असे काही अभ्यासकांचे मत आहे. बादशहा जहांगीरने सारसांची एक जोडी पाळली, त्यांना लैला आणि मजनू अशी नावे दिली आणि त्यांच्या अंडी उबवण्याची हकिकत स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवली. आपले रेव्हरंड ना. वा. टिळक यांनी ‘केवढे हे क्रौर्य’ या कवितेत अमर केली तीही एक घायाळ पक्षीणच. २०२३ साली उत्तर प्रदेशातल्या अमेठीकडे एका माणसाने वाचवलेला सारस त्याच्या मागे मागे फिरू लागला, तेव्हा देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. हे सगळे चांगलेच झाले. दयेला सुरुवात कुठूनतरी व्हावी लागते. पण उडत्या खारीसाठी कोणी रडल्याचे माझ्या वाचनात नाही. ती रात्री निघते, ओरडली तरी कुणाचे ओरडणे ते कळत नाही, आणि मेली तर ढोलीत मरते. दिसण्यावरच दया वाटायची असेल, तर जे दिसत नाही त्याने काय करावे?

येथे एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. कोणी म्हणेल, “सर, पैसे थोडे, माणसे थोडी, सगळ्यांना सारखे कसे वागवणार? कुठेतरी क्रमांक लावावाच लागतो.” मान्य. जगातल्या जीवांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने सारसाला असुरक्षित गटात टाकले आहे, तर भारतातल्या मोठ्या उडत्या खारीला, एकूण पाहता, तूर्त कमी काळजीच्या गटात ठेवले आहे. महाराष्ट्रात तर सारस मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यातच उरले आहेत आणि तेही थोडे. त्यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली आपण होऊन याचिका दाखल करून घेतली. म्हणजे सारसाला आधी हात द्यावा हे योग्यच. पण तो का आधी, हे पाहा. तो सुंदर म्हणून नव्हे, एकनिष्ठ म्हणून नव्हे; तो धोक्यात आहे म्हणून. दवाखान्यात डॉक्टर आधी कुणाला आत घेतात? जो जास्त आजारी त्याला. तिथेही तुलना आहेच, पण ती गरजेची आहे. गुणांची तुलना केली की निष्कर्ष निघतो, कोण मोठा? गरजांची केली की निष्कर्ष निघतो, मी काय करू? माझे म्हणणे एवढेच आहे.

आणि गरजा पाहू गेले तर हे दोघे किती निराळे! सारसाला उथळ पाणी हवे, आणि घरटे शेतात असेल तर शेतकऱ्याने महिनाभर तो तुकडा सोडून द्यायला हवा, कारण अंडी उबायला तेवढे दिवस लागतात. विजेच्या उघड्या तारा त्याच्या उडण्याच्या वाटेत नकोत. त्यांना धडकून सारस मरतात. खारीला यातले काही नको. तिला जुनी, पोकळ झाडे हवीत, आणि एका झाडापासून दुसरे तिच्या झेपेच्या टप्प्यात हवे. जंगलातून एक रुंद रस्ता काढला, एकही खार मारली नाही, तरी इकडची खार इकडे आणि तिकडची तिकडे राहते. पोकळ झाड ‘निकामी’ म्हणून तोडले तर तिचे घर गेले. सारसाच्या भल्यासाठी काढलेला नियम खारीला जसाच्या तसा लावला, तर आपण दोघांना समान वागवले असे आपल्याला वाटेल, आणि खार मात्र बेघर होईल.

शिक्षक वाचकांसाठी आमच्या वर्गात पुढे काय केले ते सांगतो. त्या दोघांना मी आपापला निबंध सगळ्यांपुढे वाचायला सांगितले. मग फळ्यावर दोन रकाने आखले. पहिल्याला नाव दिले ‘काय येते’. त्यात दोघांचे गुण लिहिता लिहिता वर्गात भांडण लागले. अर्धी मुले सारसाची, अर्धी खारीची, आणि एकजण अजून म्हशीची. मग दुसरा रकाना, ‘काय लागते’. तिथे आवाज खाली आला. मुले विचार करू लागली. सारसाचा निबंध लिहिणारी मुलगी मागे वळून त्या मुलाला म्हणाली, “दोन झाडांत किती अंतर चालेल रे?” त्याने सांगितले. तो वर्गात आपण होऊन एवढे बोललेला मी प्रथमच ऐकला.

त्यानंतर मी माझी हजेरीवही उघडली. पहिल्या रकान्यातले मला सगळे माहीत होते: कुणाचे पाठांतर चांगले, कुणाचा आवाज गोड, नाताळच्या नाटकात कुणाला घ्यावे. दुसऱ्या रकान्यात लिहायला बसलो तर अकरा मुलांपुढे मला काहीच लिहिता आले नाही. चौदांपैकी अकरा. त्या मुलाच्या घरी मी तोपर्यंत कधी गेलोही नव्हतो.

गेलो. त्याच्या आईने चहा केला. तो मामांकडे पुन्हा केव्हा जाणार हे मी विचारले, तर तोच म्हणाला, “सर, तुम्हीही चला.” डिसेंबरात शाळेला सुटी लागल्यावर आम्ही दोघे गेलो. मामांनी विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधून दिला. पांढऱ्या उजेडाने तिच्या डोळ्यांना त्रास होतो, असे ते म्हणाले. गावाच्या कडेला मोहाची दोन-तीन जुनी झाडे होती. पहिल्या रात्री काही दिसले नाही, थंडी तेवढी लागली. दुसऱ्या रात्री आठाच्या सुमारास त्याने माझी बाही ओढली. वर शेंड्यात दोन तांबूस ठिपके चमकत होते. मी चष्मा पुसेपर्यंत ते ठिपके विझले, आणि आमच्या डोक्यावरून चौकोनी फडक्यासारखे काहीतरी आवाज न करता निघून गेले. पलीकडच्या झाडाच्या बुंध्याला, अगदी खालच्या अंगाला, ते लागल्याचा खरखर आवाज तेवढा आला. मी उजेड टाकला तोवर बुंध्यावर काही नव्हते.

“पलीकडच्या बाजूला गेली,” तो कुजबुजला. “आता वर चढेल. थांबा, सर.”

आम्ही थांबलो.